प्रार्थनामंदिरातील माडी
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वाचनगृहात मी आजोबांचे बोट धरून पहिल्यांदा आले, तेथेच शताब्दीच्या निमित्ताने बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून विचारले, "ताई, मराठी वाचनालयाच्या शताब्दीत अमेरिकेतल्या चर्चची कथा कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तूर्त इतकेच सांगते की बडोद्याला अमेरिका अगदीच परकी नाही. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांची मांडणी कशी करावी हे आपण तेव्हा अमेरिकेकडून शिकलो. आपलीच जुनी दप्तरे कशी वाचावीत, हेही तेथील काही माणसांकडून शिकता येईल का, हे आज पाहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे फिलाडेल्फियाला एक हिवाळा काढण्याचा योग आला. शेजारी एक वृद्ध गोऱ्या बाई राहत असत. आयुष्यभर त्यांनी रुग्णालयात परिचारिकेचे काम केले होते. मी इतिहासाची शिक्षिका होते हे कळल्यावर त्या मला आपल्या चर्चमधील वाचनमंडळात घेऊन गेल्या. आठवड्यातून एका संध्याकाळी दहा-बारा माणसे गोलाकार बसत. आधी नेमून दिलेले वाचन करून यायचे, एखादा माहितीपट पाहायचा आणि मग प्रत्येकाने बोलायचे. एक जण बोलत असता दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही, एवढाच नियम. विषय होता वर्णद्वेष. समाजातला होताच, पण त्याआधी आपल्या स्वतःच्या चर्चमधला.

त्या शहरात हा विषय निघाला की कथा एकाच ठिकाणापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे सेंट जॉर्जेस नावाचे मेथडिस्ट पंथाचे चर्च होते. अब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे दोन कृष्णवर्णीय गृहस्थ त्याचे सभासद. दोघेही जन्माने गुलाम. जोन्स यांनी दुकानात राबून पैसा जमवला आणि आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, कारण आईच्या स्थितीवरून मुलांची स्थिती ठरत असे. स्वतःची सुटका त्यांना १७८४ साली मिळाली. ॲलन यांनीही आपले स्वातंत्र्य विकतच घेतले होते. त्यांच्या प्रवचनांमुळे चर्चमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या वाढू लागली आणि ती वाढताच बसण्याचा प्रश्न निघाला. प्रथम त्यांना भिंतीलगत बसवले गेले, पुढे माडीवर.

एका रविवारी हे लोक माडीवर ज्या जागी बसले, ती आपलीच असा त्यांचा समज होता. प्रार्थना सुरू झाली आणि सर्वांनी गुडघे टेकले. इतक्यात एका विश्वस्ताने येऊन जोन्स यांना दंडाला धरून उठवण्यास सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, अशी त्यांनी विनंती केली. ती मानली गेली नाही. प्रार्थना संपल्यावर सारे कृष्णवर्णीय सभासद एकत्र उठले आणि चर्चबाहेर पडले. ॲलन यांनी आपल्या आत्मवृत्तात हे लिहून ठेवले आहे. परंपरा या प्रसंगाचे साल १७८७ सांगते, काही इतिहासकार तो १७९२ च्या सुमारास झाला असे मानतात. १७८७ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती आणि प्रतिनिधित्वाची गणती करताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब तीत बसवला जात होता.

येथे एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधते. मेथडिस्ट पंथाने गुलामगिरीचे समर्थन केलेले नव्हते. उलट त्याचे संस्थापक जॉन वेस्ली तिचे कडवे विरोधक होते आणि १७८४ साली अमेरिकेतील मेथडिस्टांनी तिच्याविरुद्ध नियमही केले होते, जरी ते लवकरच स्थगित झाले. म्हणजे तत्त्व निर्मळ होते. अन्याय शिरला तो व्यवस्थेच्या दाराने. कोणी कोठे बसावे, कोणी कोणत्या जिन्याने जावे, प्रसाद कोणी आधी घ्यावा, अशा किरकोळ वाटणाऱ्या बाबींतून तो आत आला. धर्मग्रंथात तो कोठे सापडत नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणणे सोपे गेले.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे ५,००० माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. जोन्स आणि ॲलन यांनी स्थापन केलेल्या फ्री आफ्रिकन सोसायटीच्या लोकांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. कृष्णवर्णीयांना ही बाधा होत नाही, असा तेव्हा समज होता. तो खोटा ठरला आणि त्यांच्यातीलही अनेक जण गेले. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने पुस्तिका काढून त्यांच्यापैकी काहींवर रोग्यांना लुबाडल्याचा ठपका ठेवला. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली स्वतः पुस्तिका लिहून जमाखर्चासह उत्तर दिले. कागदाला कागदाने उत्तर देणारी ही माणसे होती.

त्याच वर्षी जोन्स यांचे सेंट थॉमस हे चर्च उभे राहिले आणि एपिस्कोपल पंथात दाखल झाले. इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला हा अमेरिकेतला पंथ. जोन्स पुढे त्याचे पहिले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक झाले. ॲलन यांनी १८१६ साली स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापिले. सेंट थॉमसला पंथात घेतले खरे, पण एका अटीवर. धर्मप्रांताच्या अधिवेशनात या चर्चने प्रतिनिधी पाठवायचे नाहीत. ही अट सात दशकांच्या आसपास टिकली. माडीवरून उठून गेलेल्या माणसांना नव्या घरात पुन्हा माडीच मिळाली. या वेळची माडी लाकडाची नव्हती, ठरावाची होती.

इतर पंथांची दप्तरेही उजळ नाहीत. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या मळ्यांवरील २७२ माणसे लुइझियानात विकण्याचा सौदा केला. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या त्यांच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. १८४५ साली दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली, तिच्या मुळाशी गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून नेमावे की नाही, हा वाद होता. १५० वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी त्याबद्दल क्षमा मागितली. मार्टिन ल्यूथर किंग वारंवार बोलून दाखवत की रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतील सर्वांत विभागलेला तास आहे.

याच ठिकाणी कथेचा एक धागा आपल्या दाराशी येतो. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९३५ साली एका शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. त्यांची आजी गुलामगिरीत वाढलेली. गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे वचन मालकाच्या पाद्र्याकडून तिने इतक्यांदा ऐकले होते की नातवाकडून बायबल वाचून घेताना संत पॉलची पत्रे ती जवळजवळ वगळूनच टाकी. कोलंबोत एका भारतीय उपखंडीय सुशिक्षिताने थर्मन यांना तोंडावर विचारले की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना विकले आणि आजही जिवंत जाळतात, त्याचा प्रचारक म्हणून आपण येथे कसे उभे राहता? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर टाकला नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते बारडोलीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी अमेरिकेतील गुलामगिरी, मतदानाचा हक्क, झुंडीने होणाऱ्या हत्या, सारे बारकाईने विचारून घेतले. खैबर खिंडीजवळ उभे असता, सर्व वर्णांचे लोक जेथे एकत्र उपासना करतील असे चर्च उभारण्याचा विचार मनात पक्का झाला, असे थर्मन यांनी लिहिले आहे. १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका गोऱ्या सहकाऱ्यासह त्यांनी ते उभारले. कोलंबोतल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९४९ साली त्यांनी 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे पुस्तक लिहिले. फिलाडेल्फियातील आमच्या वाचनमंडळात तेच पुस्तक वाचले जात होते. बारडोलीला जाऊन आलेल्या माणसाचे पुस्तक बडोद्याच्या मला तेथे वाचावयास मिळावे, याचे मला नवल वाटले आणि थोडा संकोचही.

आता प्रशिक्षणाविषयी. एपिस्कोपल चर्चने १९९१ च्या आपल्या अधिवेशनात जमलेल्या प्रतिनिधींचीच पाहणी करून पंथात वर्णद्वेष किती मुरला आहे हे तपासले. २००० साली असा ठराव केला की धर्मोपदेशकांनी आणि चर्चच्या कारभारात पद घेणाऱ्यांनी वर्णद्वेष-निर्मूलनाचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. २००६ साली प्रत्येक धर्मप्रांताला गुलामगिरीतला आपला वाटा शोधून काढण्यास सांगण्यात आले. ऑक्टोबर २००८ मध्ये पंथाच्या प्रमुख बिशप कॅथरिन जेफर्ट्स शोरी यांनी जाहीर पश्चात्तापाची उपासना केली, ती सेंट थॉमस चर्चमध्ये. ज्या चर्चला प्रतिनिधी पाठवण्याची मनाई होती, त्याच्याच वेदीपुढे सारा पंथ गुडघे टेकून उभा राहिला.

सक्तीच्या प्रशिक्षणाने मने बदलतात का, ही शंका तेथेही घेतली गेली आणि ती खोटी नाही. एक दिवसाचे शिबिर, भिंतीवर तक्ते, शेवटी प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी माणूस जसाच्या तसा, हे चित्र आपल्याकडच्या सरकारी प्रशिक्षणांच्या अनुभवावरून आपणही ओळखू. काही गोऱ्या सभासदांना वाटते की आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे. काही कृष्णवर्णीय सभासद कंटाळून म्हणतात, दर वेळी आमचे दुःख आम्हीच सांगायचे आणि शिकायचे मात्र इतरांनी. दक्षिणी बॅप्टिस्टांत तर वर्णद्वेषाची चिकित्सा कोणत्या विचारांच्या आधारे करावी, यावरूनच वाद पेटला आणि २०२० च्या अखेरीस काही नामवंत कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी तो संघ सोडला.

या शंकांतूनच काही ठिकाणी प्रशिक्षणाचे रूप बदलले. अटलांटाच्या धर्मप्रांतात कॅथरिन मीक्स या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने त्याला उपासनेची जोड दिली. हा प्रश्न केवळ कार्यालयीन वर्तणुकीचा नसून अध्यात्माचा आहे, अशी त्यांची भूमिका. जॉर्जियात जेथे जेथे झुंडीने माणसे मारली, तेथे यात्रा नेऊन मृतांची नावे मोठ्याने वाचली गेली. २०१७ साली त्याच शहरात अब्सलम जोन्स यांच्या नावाने वांशिक जखमा भरून आणण्यासाठी एक केंद्र सुरू झाले. जखम भरणे या शब्दाचा अर्थ माझ्या शेजारीण बाईंनी मला परिचारिकेच्या अनुभवाने समजावला. त्या म्हणाल्या, "वरून कातडी धरली आणि आत पू राहिला तर ती जखम भरली असे होत नाही. आधी उघडावी लागते, धुवावी लागते. रोगी ओरडतो. मग ती तळापासून भरत येते."

उघडणे आणि धुणे म्हणजे काय, याचे एक ठळक उदाहरण मेम्फिस शहरातले आहे. तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चलगत नेथन बेडफर्ड फॉरेस्ट नावाच्या माणसाची वास्तू होती. तो पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला. १९५५ साली तेथे लावलेल्या फलकावर त्याच्या उद्योगधंद्यांनी तो धनाढ्य झाला, अशा आशयाचे वाक्य होते. कोणता उद्योग? तो माणसांचा बाजार चालवत होता. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी जुने दस्तऐवज आणि खरेदीखते धुंडाळली आणि तेथे विकल्या गेलेल्या काही माणसांची नावे शोधून काढली. ४ एप्रिल २०१८ रोजी, किंग यांच्या हत्येला ५० वर्षे झाली त्या दिवशी, चर्चने आपल्या आवारात खरा मजकूर असलेला नवा फलक बसवला आणि ती नावे वाचून दाखवली. जुना फलक खोटे बोलत नव्हता. तो सभ्यपणे बोलत होता, आणि सभ्य शब्दांआड माणसे नाहीशी झाली होती.

कबुलीनंतर देण्याघेण्याचा प्रश्न येतोच. व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरी या १८२३ सालच्या धर्मशिक्षण संस्थेने २०१९ साली १७ लाख डॉलरांचा निधी बाजूला काढला आणि त्या आवारात गुलाम म्हणून, किंवा पुढे विषमतेच्या काळात, राबलेल्यांच्या वंशजांना २०२१ पासून त्यातून रक्कम देण्यास आरंभ केला. जेझुइटांनी २०१७ साली विकलेल्यांच्या वंशजांपुढे क्षमा मागितली आणि २०२१ साली १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. ते वंशज सापडले कसे? विकणाऱ्यांनी आणि बाप्तिस्मा देणाऱ्यांनी नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून. ज्या वहीने माणूस विकला, तीच वही त्याच्या पणतवंडांच्या हाती पुरावा म्हणून आली. दप्तर जपणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

आता आमच्या वाचनमंडळातील एक संध्याकाळ सांगते. शेजारीण बाईंनी आपल्या चर्चची एकोणिसाव्या शतकातील इतिवृत्ते वाचून काढली होती. त्यांत एक ठराव होता. माडीकडे जाणारा जिना इमारतीच्या बाहेरून बांधावा, म्हणजे दर्शनी दाराशी गर्दी होणार नाही. बस्स, इतकेच. कोणाविषयी वावगा शब्द नाही. बाई म्हणाल्या, "लहानपणी मी त्या जिन्यावर खेळले आहे. तो बाहेर का आहे हे कधी विचारले नाही." कोणीतरी समजावणीच्या सुरात म्हणाले की गर्दी ही खरीच अडचण असेल. तेव्हा इतका वेळ गप्प असलेले एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ती गर्दी म्हणजे माझी पणजी."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच गृहस्थांनी माझ्याकडे वळून, अगदी कुतूहलाने, विचारले, "तुमच्याकडे असा जिना असतो का हो?"

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवत होते. डॉ. आंबेडकरांना १९१७ साली याच बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, हेही शिकवत होते. ते मी तेथे सांगितले असते तर सर्वांनी आदराने ऐकले असते. पण ते उत्तर नव्हते. ती इतरांची दप्तरे होती. माझ्या आजोबांच्या वाचनालयात जिना कोठे होता, हे मला ठाऊक नव्हते. मी "असेल" एवढेच म्हणाले.

परत आल्यावर मी कार्यवाहांची परवानगी घेऊन आपल्या संस्थेची जुनी इतिवृत्ते वाचली. १९३० नंतरच्या दशकातील एका वहीत आजोबांच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे. वाचनगृहातील बसण्याची व्यवस्था प्रचलित रीतीप्रमाणे चालू ठेवावी. ठराव सर्वानुमते संमत. मी ती ओळ वाचून पुढे गेलेही असते, पण माडीच्या जिन्याची आठवण झाली आणि थांबले. आपले एक वयोवृद्ध सभासद आज समोर बसले आहेत. त्यांच्या संमतीने, मात्र नाव न घेता सांगते. त्यांचे वडील गिरणीतून सुटल्यावर येथे येत आणि रस्त्याकडच्या ओट्याखाली उभे राहत. आत कोणी वृत्तपत्र मोठ्याने वाचू लागले की खिडकीतून ऐकत. पावसाळ्यात छत्री धरून ऐकत. ते कधी सभासद झाले नाहीत, म्हणून आपल्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव नाही. प्रचलित रीत या दोन शब्दांत ते उभे आहेत.

माझे आजोबा दुष्ट नव्हते. ते मायाळू होते आणि या संस्थेसाठी त्यांनी रक्त आटवले. हे सांगताना माझा आवाज कापतो आहे, ते मी लपवत नाही. पण फिलाडेल्फियाचे विश्वस्तही बहुधा मायाळू आजोबाच असतील.

कार्यवाहांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. स्मरणिकेत आपण देणगीदारांची यादी छापणार आहोत, ती जरूर छापावी. तिच्यासोबत हा ठरावही जसाच्या तसा छापावा आणि त्याचा अर्थ साध्या मराठीत खाली द्यावा. ज्या घरांतील माणसे ओट्याखाली उभी राहिली, त्या घरांत जाऊन आठवणी लिहून घ्याव्यात. त्या आपल्या दप्तरात कायमच्या राहाव्यात. आणि पुढील वर्षी कार्यकारी मंडळ निवडताना आपल्या सभोवती कोण बसले आहे, हे एकदा मान वर करून पाहावे. घाईने माफीचा ठराव करावा, असे मी म्हणत नाही. आपण फक्त जखम उघडू या. ती धुण्यास वेळ लागेल आणि कोणीतरी ओरडेलही.

पहिल्या वृत्तपत्राचे वाचन उद्या सकाळी आठ वाजता नेहमीप्रमाणे सुरू होईल. ज्यांच्याविषयी मी बोलले त्यांच्या चिरंजीवांनी उद्या ते मोठ्याने वाचावे, अशी मी त्यांना सर्वांच्या वतीने विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. आपण सर्वांनी ऐकावयास यावे.